जीवात जीव आणणारे वचन

शास्त्रवाचन : स्तोत्र १९:७-१४, स्तोत्र २३, विलापगीत १:११-१९, निर्गम १६



दिवसभराच्या श्रमाने थकलेला मनुष्य रात्री अंथरुणाला पाठ टेकतो आणि सकाळी ताजा होऊन उठतो. ही परमेश्वराची नित्याची दया आहे, आणि तिच्याबद्दल आपण त्याचे पुरेसे आभार मानीत नाही. परंतु आणखी एक थकवा असा आहे की, तो झोपेने उतरत नाही. रजा घेतली, गावी जाऊन आलो, चार दिवस काहीच केले नाही, तरी परत आल्यावर मन जिथे होते तिथेच असते. उद्याची काळजी, अपराधाची बोच, कोणाविषयी धरलेली अढी, मुलाबाळांची चिंता, ह्यांत आपला जीव जागोजागी अडकून पडतो. देह घरी असतो. जीव मात्र दूर कोठेतरी असतो.

अशा अवस्थेत आपण पवित्र शास्त्र उघडतो, आणि पुष्कळदा निराश होतो. नेमलेला अध्याय वाचून संपतो, पुस्तक मिटते, आणि काय वाचले हे दाराबाहेर पडेपर्यंत आठवत नाही. मग थकव्यात आणखी एका ओझ्याची भर पडते : ‘मी ख्रिस्ती म्हणवतो आणि देवाच्या वचनात मला गोडी वाटत नाही!’ काहीजण ह्या टोचणीने वाचनच सोडून देतात. हा पाठ विशेषेकरून अशा वाचकासाठी आहे. वचन आपल्याला विसावा देते तो कोणत्या रीतीने, आणि त्यासाठी रोजचे मनन का आवश्यक आहे, ह्याचा आपण शास्त्राच्या आधारे विचार करू.

१. ‘जीव परत आणणे’

स्तोत्र २३ आपल्याला तोंडपाठ असते. त्याच्या तिसऱ्या वचनात मेंढपाळ आपल्या मेंढराच्या जीवाला पुन्हा टवटवी आणतो असे म्हटले आहे. स्तोत्र १९ च्या सातव्या वचनात परमेश्वराचे नियमशास्त्र जीवाला नवे चैतन्य देते असे म्हटले आहे. मूळ इब्री भाषेत दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. ते म्हणजे ‘शूव’, ‘परत येणे’. त्याचा येथील अर्थ ‘परत आणणे’ असा होतो. म्हणजे मेंढपाळ जे करतो तेच वचन करते : निघून गेलेला जीव माघारी आणते.

हाच शब्दप्रयोग शास्त्रात इतरत्र पाहिला म्हणजे त्याचे बळ कळते. यरुशलेमेचा पाडाव झाला तेव्हाचा शोक विलापगीतात आहे. नगरीत अन्न उरले नव्हते. लोकांनी आपल्या मोलाच्या वस्तू देऊन भाकर घेतली, कशासाठी? तर ‘जीव परत आणण्यासाठी’ (१:११). याजक व वडील अन्न शोधता शोधता नगरातच प्राणाला मुकले, तेही ‘जीव परत आणण्यासाठी’च शोधीत होते (१:१९). ह्या दोहोंच्या मध्ये नगरी रडत म्हणते की, तिचा जीव परत आणणारा सांत्वनकर्ता तिच्यापासून दूर आहे (१:१६).

आणखी एक ठिकाण रूथच्या पुस्तकात आहे. मवाबातून परतलेली नामी म्हणाली की, भरल्या घरची मी गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणले (१:२१). त्याच पुस्तकाच्या शेवटी रूथचे बाळ तिच्या उराशी असते, आणि शेजारच्या स्त्रिया म्हणतात की, हा तुझा जीव परत आणणारा होईल (४:१५). रिकामे परत येणे आणि जीव परत येणे, दोन्हींसाठी तेच क्रियापद आहे. नामीचा मेलेला पती वा पुत्र परत आले नाहीत. तरीही तिचा जीव परत आला.

आपल्या मराठीत ह्याला अगदी जवळचा वाक्प्रचार आहे : ‘जीवात जीव येणे’. उपाशी मनुष्याच्या पोटात दोन घास गेले, हरवलेले लेकरू सापडले, म्हणजे आपण म्हणतो, ‘आता जीवात जीव आला.’ स्तोत्रकर्त्याचे म्हणणे हेच आहे की, परमेश्वराच्या वचनाने जीवात जीव येतो. वचन ही हुशारी मिरवण्याची विद्या नव्हे, किंवा पुण्य साठवण्याचे साधनही नव्हे. उपासमारीच्या नगरात भाकरीचे जे मोल, ते थकलेल्या जीवाला वचनाचे मोल आहे. परंतु भाकर नुसती पाहून भूक भागत नाही. ती खावी लागते, चावावी लागते. येथेच मननाचा प्रश्न येतो.

२. मनन म्हणजे काय?

स्तोत्र १:२ मध्ये आणि यहोशवा १:८ मध्ये ‘मनन’ ह्यासाठी जो इब्री शब्द आहे तो ‘हागा’. त्याचा मूळ अर्थ हलक्या आवाजात पुटपुटणे, घुमणे, गुरगुरणे असा आहे. यशया ३१:४ मध्ये सिंह आपल्या भक्ष्यावर बसून गुरगुरतो, तेथे हाच शब्द आहे. यशया ३८:१४ मध्ये आजारी हिज्कीया राजा पारव्यासारखा घुमतो, तेथेही हाच शब्द आहे. सिंह भक्ष्य टाकून उठत नाही. ते दातांखाली धरून तो समाधानाने गुरगुरत राहतो. पारवा तोच एक स्वर पुनःपुन्हा काढीत राहतो. शास्त्राच्या दृष्टीने मनन हे असे आहे. डोळे मिटून मन रिकामे करणे हा त्याचा अर्थ नव्हे. देवाच्या वचनाने मन भरणे आणि ते वचन ओठांवर घोळवीत राहणे हा आहे.

बाराव्या शतकात फ्रान्समधील कार्थुसियन मठाचा प्रमुख ग्विगो दुसरा ह्याने शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना व ईश्वरदर्शनाचे सुख. त्याने अन्नाचाच दृष्टांत योजला. वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते, प्रार्थनेने त्याचा रस मिळतो, आणि चौथ्या पायरीवर त्याची गोडी अनुभवास येते. आपल्यापैकी पुष्कळांचे दुखणे हे की, आपण घास तोंडात घालतो आणि न चावताच गिळतो.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. पुष्कळ वर्षे रोज तीन अध्याय व रविवारी पाच, असा माझा नेम होता. ह्या हिशेबाने वर्षात संपूर्ण शास्त्र वाचून होते. नेम चांगला होता व अजूनही मी तो कोणाला सोडावयास सांगणार नाही. परंतु माझे लक्ष वचनापेक्षा हिशेबाकडे अधिक लागले होते. पुढे माझी आई अंथरुणाला खिळली. तिची दृष्टी मंद झाली होती, म्हणून मी तिला स्तोत्र २३ वाचून दाखवू लागलो. पहिले वचन ऐकताच तिने हात वर केला. म्हणाली, ‘आज एवढंच पुरे रे बाळा. उद्या पुढचं.’ त्या दिवशी औषध घेताना, कूस वळताना, दुपारी डोळा लागण्याआधी तिचे ओठ हलत होते. जवळ जाऊन ऐकले तर तेच एक वचन. तिसऱ्या वचनापाशी ती दोन दिवस थांबली. सहा वचनांच्या त्या स्तोत्राला सात दिवस लागले. तिचे दुखणे काही बरे झाले नाही. पण तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते माझ्या इतक्या वर्षांच्या हिशेबात मला मिळाले नव्हते. ‘हागा’ ह्या शब्दाचा अर्थ मी कोशात नंतर वाचला; तो मला दिसला आधी, आईच्या ओठांवर.

३. रोजचे का?

निर्गम १६ मध्ये मान्ना मिळाल्याची हकिकत आहे. मिसरच्या दास्यातून नुकतेच सुटलेले, थकलेले, कुरकुर करणारे ते लोक. परमेश्वराने त्यांना कोठार भरून दिले नाही. रोज सकाळी त्या दिवसापुरते दिले. ऊन तापले म्हणजे ते वितळून जाई (१६:२१). कोणी उद्यासाठी राखून ठेवले तर त्यात किडे पडत (१६:२०). ज्याने फार गोळा केले त्याचे उरले नाही, ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडले नाही (१६:१८).

ह्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा लक्षात येत नाही. शब्बाथाच्या विसाव्याचा पहिला धडा इस्राएल लोकांना सीनाय पर्वतावर मिळाला नाही. तो त्याआधी येथे, मान्नाच्या निमित्ताने मिळाला (१६:२२-३०). सहाव्या दिवशी दुप्पट अन्न मिळाले, ते नासले नाही, आणि सातव्या दिवशी त्यांनी स्वस्थ बसावे असे सांगण्यात आले. भाकर आणि विसावा हे दोन्ही एकाच हातून आले. जन्मभर मुकादमांच्या धाकाखाली विटा पाडणाऱ्यांना हे शिकणे सोपे नव्हते की, आपल्या श्रमावर नव्हे तर देवाच्या देण्यावर आपण जगतो. काही लोक सातव्या दिवशीही गोळा करावयास बाहेर गेलेच!

पुढे अनुवाद ८:३ मध्ये मोशे ह्या मान्नाचाच अर्थ सांगतो : देवाच्या मुखातून निघणाऱ्या वचनाने मनुष्य जगतो, हे त्यांना कळावे म्हणून ते दिले गेले. आणि अरण्यात भुकेलेल्या प्रभू येशूने सैतानाला उत्तर दिले ते नेमके ह्याच वचनाने (मत्तय ४:४). त्याच्याजवळ त्या वेळी ग्रंथाची गुंडाळी नव्हती. वचन त्याच्या अंतःकरणात होते.

म्हणून रोजचे मनन हा देवाला भरावयाचा कर नाही. कालच्या उपदेशावर, गेल्या वर्षीच्या संजीवन सभेवर, तरुणपणीच्या साक्षीवर आज जगता येत नाही. त्याचबरोबर, काल चुकले म्हणून आजचे दार बंद झालेले नाही. सकाळी मान्ना पुन्हा पडलेलेच असते. यरुशलेमेच्या राखेत बसून विलाप करणाऱ्यालाही परमेश्वराची करुणा रोज सकाळी नवी असल्याचे आढळले (विलापगीत ३:२२-२३).

४. एलीया : आधी भाकर, मग वाणी

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १ राजे १९ मध्ये ईजबेलीच्या धमकीने पळालेला एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. परमेश्वराने त्याला लागलीच उपदेश केला नाही. त्याला झोप दिली, निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. दूताने त्याला दोष दिला नाही. वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे हे मान्य केले. त्यानंतर चाळीस दिवसांच्या प्रवासाअंती होरेबावर ती मंद, शांत वाणी ऐकू आली.

म्हणून जे दिवसाला सोळा तास राबतात, ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, ज्या मातांना रात्रभर झोप नाही, त्यांनी आपल्या देहाच्या थकव्याला आत्मिक पाप समजू नये. कधी कधी झोपणे हीच त्या घटकेची आज्ञाधारकता असते. उदासीनता दीर्घकाळ टिकली, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर वैद्याकडे जाणे व विश्वासू माणसाजवळ मन मोकळे करणे हा अविश्वास नव्हे. भाकर पाठविणारा आणि वाणी पाठविणारा देव एकच आहे.

आणि त्या वाणीने एलीयाला शेवटी काय सांगितले? ‘शूव’, आपल्या वाटेने परत जा (१९:१५). पुन्हा तोच शब्द! देवाचा विसावा आपल्याला गुहेत कायमचे बसवून ठेवीत नाही. तो आपल्याला आपल्या वाटेवर, आपल्या माणसांत, आपल्या कामावर परत पाठवितो.

५. मन लागत नाही तेव्हा

स्तोत्र ७७ लिहिणाऱ्याला झोप येत नव्हती. तो प्रामाणिकपणे सांगतो की, देवाचे स्मरण केले तर तो कण्हू लागे, आणि चिंतन केले तर त्याचा आत्मा अधिकच खचे (वचन ३). मननाने पहिल्या घटकेलाच शांती मिळते असे शास्त्र कोठेही सांगत नाही. ह्या स्तोत्राच्या पूर्वार्धात ‘मी’ आणि ‘माझे’ हेच पुनःपुन्हा येते. अकराव्या-बाराव्या वचनांत तो निश्चय करतो की, आता मी परमेश्वराच्या कृत्यांचे मनन करीन. तेथून ‘तू’ आणि ‘तुझे’ सुरू होते, आणि स्तोत्र समुद्रातून गेलेल्या वाटेपाशी येऊन संपते. त्याची परिस्थिती बदलल्याचा उल्लेख नाही. त्याची दृष्टी मात्र बदलली. स्वतःच्या दुःखाचे चिंतन आणि देवाच्या वचनाचे मनन ह्यांतला भेद हा आहे.

ब्रिस्टल येथे अनाथ मुलांसाठी सेवा करणाऱ्या जॉर्ज म्यूलर (१८०५-१८९८) ह्यांचा अनुभव येथे उपयोगी आहे. सकाळी उठून प्रथम प्रार्थना करण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ होता. परंतु मन भटकत राही व खरी प्रार्थना सुरू होण्यास पुष्कळदा अर्धा तासही जाई. १८४१ साली त्यांनी हा क्रम बदलल्याचे लिहिले आहे. ते प्रथम नव्या करारातील थोडा भाग घेऊन त्यावर मनन करू लागले. मनन करता करता आभार, पापांगीकार किंवा मागणे आपोआप सुरू होई. शेकडो मुलांच्या अन्नवस्त्राची काळजी वाहणाऱ्या ह्या मनुष्याने ठरविले की, आपले दिवसाचे पहिले काम म्हणजे आपला स्वतःचा जीव प्रभूमध्ये आनंदित होणे. देव प्रथम बोलतो, आपण उत्तर देतो. हा क्रम धरला म्हणजे प्रार्थनाही हलकी होते.

६. रोजचा साधा क्रम

(अ) वेळ लहान ठेवा, पण ठरलेली ठेवा. पंधरा मिनिटे पुरे. पहाट शक्य नसेल तर दुपार किंवा रात्र. इसहाक संध्याकाळी शेतात चिंतन करावयास गेला होता (उत्पत्ती २४:६३).

(आ) एक छोटा उतारा मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचा. आपल्यापैकी जे महाराष्ट्राबाहेर राहतात व ज्यांची मंडळीतील उपासना हिंदीत किंवा इंग्रजीत होते, त्यांनी ह्या वेळी तरी मराठी शास्त्र घ्यावे. ज्या भाषेत आपण रडतो, त्या भाषेत वचन लवकर आत उतरते.

(इ) तीन प्रश्न विचारा : येथे देव कसा दिसतो? माझ्याविषयी काय उघड होते? आज मी कशावर विश्वास ठेवावा, किंवा काय करावे?

(ई) एकच वचन निवडा, पाठ करा, आणि दिवसभर ओठांवर ठेवा. लोकलमध्ये, स्वयंपाक करताना, कार्यालयाच्या जिन्यावर.

(उ) त्याच वचनाच्या शब्दांत प्रार्थना करा. रात्री निजण्यापूर्वी ते पुन्हा एकदा म्हणा (स्तोत्र ६३:६).

एका आठवड्यासाठी हे उतारे घ्यावेत. रविवार : स्तोत्र २३. सोमवार : स्तोत्र १९:७-११. मंगळवार : निर्गम १६:१३-२१. बुधवार : १ राजे १९:१-१५. गुरुवार : यशया ४०:२७-३१. शुक्रवार : विलापगीत ३:१९-२६. शनिवार : मत्तय ११:२५-३०. एखादे वचन दोन दिवस थांबवून धरील, तर थांबा. उतारे कोठे पळून जात नाहीत.

कोणी म्हणेल, ‘माझ्या घरात निवांतपणा आहे कोठे?’ त्यांनी पंडिता रमाबाईंचे स्मरण करावे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विधवा, दुष्काळातून वाचविलेल्या मुली, अंध व आजारी स्त्रिया ह्यांचा मोठा परिवार सांभाळीत असतानाच त्या इब्री व ग्रीक शिकल्या, आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्राचे भाषांतर करण्यात आयुष्याची अखेरची अनेक वर्षे त्यांनी घालविली. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी काम थांबले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या, त्यापूर्वी ते काम पूर्ण झाले होते. भाषांतर करणाऱ्याला एकेका शब्दापाशी थांबावेच लागते. घर शांत होण्याची वाट पाहत त्या बसल्या असत्या, तर ते कधीच घडले नसते.

७. विसावा देणारा तोच

शेवटी मुख्य गोष्ट. मत्तय ११:२८-३० मध्ये प्रभू येशू श्रमलेल्या व ओझ्याने दबलेल्या लोकांना बोलावतो, ते एखाद्या पद्धतीकडे नव्हे, तर स्वतःकडे. तेथे ‘विसावा’ ह्यासाठी जो ग्रीक शब्द आहे, तोच जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात स्तोत्र २३ मधील शांत पाण्यासाठी योजलेला आहे. ज्या मेंढपाळाविषयी दावीद बोलला, तो स्वतः बोलावीत आहे. त्याच्या बोलण्यात यिर्मया ६:१६ चा प्रतिध्वनीही आहे. तेथे परमेश्वर लोकांना जुन्या, चांगल्या वाटेने चालून जीवाला विसावा मिळविण्यास सांगतो, आणि लोक म्हणतात, आम्ही चालणार नाही. यशया ३०:१५ मध्येही तेच : परत येण्यात व शांत राहण्यात तुमचे तारण आहे, असे सांगूनही त्यांनी ते नाकारले.

शास्त्र वाचूनही हा विसावा चुकू शकतो. शास्त्र शोधणाऱ्या लोकांना प्रभूने सांगितले की, ते शास्त्र माझ्याविषयी साक्ष देते, तरी तुम्ही माझ्याकडे येऊ इच्छीत नाही (योहान ५:३९-४०). म्हणून मनन करताना थांबावयाचे ते अक्षरापाशी नव्हे, तर ज्याने आमचे ओझे वधस्तंभावर वाहिले त्याच्यापाशी. तो जू देतो, पण त्या जुवाखाली आपल्यासोबत तो असतो.

प्रिय वाचका, आपला जीव आज कोठे अडकला आहे हे आपणास ठाऊक आहे. उद्या सकाळी फार काही करू नका. एक वचन घ्या. ते चावा. ‘आज एवढेच पुरे’ असे म्हणा, आणि परवा पुन्हा या.

मननासाठी प्रश्न

१. माझा थकवा देहाचा आहे, की जीवाचा? मी दोहोंवर एकच उपाय तर करीत नाही ना?
२. माझ्या शास्त्रवाचनात हिशेब किती आणि भेट किती?
३. ‘मी’पासून ‘तू’कडे वळण्यास आज मला कोणते वचन साहाय्य करील?

प्रार्थना

हे प्रभू येशू, आमच्या जीवाच्या मेंढपाळा, आम्ही पुष्कळ दिशांना पांगलो आहो. तुझ्या वचनाने आम्हांस माघारी आण. आजच्या दिवसापुरते मान्ना आम्हांस दे, ते सावकाश खाण्याची बुद्धी दे, आणि तुझ्यापाशी विसावा मिळाल्यावर आम्हांस आमच्या वाटेने परत पाठीव. आमेन.